गिझरच्या नळीतला बोळा

फुलंब्रीच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या.

“बाळंतिणीला सोडून निघालीस, पुतळाबाई? लेकीनं हाकललं का?”

“हाकलण्यासारखंच केलं होतं मी. तिच्या न्हाणीत गिझर हाय. त्याच्या नळीतून सारखं थेंब थेंब गळायचं. नळाला आठ दिवसांनी पाणी येतंय, अन् हे वाया! मी लुगड्याच्या चिंधीचा बोळा कोंबला, वरून तार आवळली.”

“बरं केलं की.”

“कशाचं बरं! दुसऱ्या दिवशी गिझर आतून घुमायला लागला. मिस्तरी म्हणला, आत दाब वाढला की त्या नळीतूनच पाणी निघतं. अजून तासभर चालला असता तर टाकी फुटली असती.”

“अगं बाई! अन् बाळ?”

“भिंतीपल्याड निजलं होतं. जागंसुद्धा झालं नाय.”

“मग?”

“मिस्तरीनं बोळा काढला. आता नळीखाली बादली ठेवलीय. पण बादली लंगोट धुवायला लागती, म्हणून घरचं घंगाळ न्यायला चालले. सांजच्या गाडीनं माघारी.”

“जावई लई बोलले असतील.”

“एवढंच म्हणले, घंगाळ आणा, पण चिंध्या आणू नका.”