मुक्या गाडीची घंटी

जंगलाच्या वाटेवर समोर अस्वल आलं, तर तुम्ही आधी ब्रेक दाबाल की देवाचं नाव घ्याल? मी दोन्ही विसरले होते.

आमच्या कुरखेड्याकडे बॅटरीच्या स्कूटर गाड्या नवीनच आल्या होत्या आणि मीही एक घेतली होती, तेव्हाची गोष्ट. माझी अंगणवाडी शेजारच्या गावात, वाट जंगलातून. यांनी सायकलच्या दोन चाकांची ट्रॉली करवून माझ्या गाडीमागे जोडून दिली होती. तांदूळ, भाजी, खिचडीचं मोठं पातेलं म्हणजे आमचा गंज, डाव, सगळं तिच्यातच जायचं. गाडीचा आवाज मात्र अजिबात नाही.

शेजारचे म्हातारे डोमाजीभाऊ म्हणाले, "बाई, बैलाले घंटी काऊन बांधतो आम्ही? अस्वलानं ऐकावं अन् बाजूले व्हावं म्हणून. तुही गाडी मुकी आहे. एक घंटी बांध."

"भाऊ, ही काय बैलगाडी आहे?" मी हसले.

मोहफुलांचे दिवस होते. एका वळणावर पाहते, तर दहा पावलांवर अस्वल मोहफुलं खात बसलेलं. माझी चाहूलच नव्हती, म्हणून ते दचकलं आणि दोन पायांवर उभं राहिलं. माझा हात रेसवरून सुटला, म्हणून गाडी आपसूकच थांबली. मी हॉर्न दाबला, तो चिमणीसारखा चिवचिवला. मग उतरून ट्रॉलीतलं गंजाचं झाकण उचललं आणि डावानं बडवत सुटले. अस्वल झाडीत पळालं, तरी मी बडवतच होते.

पलीकडे मोहफुलं वेचणारे डोमाजीभाऊ ओरडले, "बस कर ना बाई! अस्वल छत्तीसगडात पोचलं असन!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच बैलाची घंटी मागून आणली आणि ट्रॉलीला बांधली.