कोणालाच झिरो नाही

—नाही नाही, चहा नको, चहा घेऊनच निघालो घरून. तू बस. तू बस रे श्याम, मी काय पाहुणा आहे का? फक्त ही पिशवी कुठं ठेवू सांग— टीव्हीजवळ? बरं. खोव्याची जिलबी आहे, बडा फुहाऱ्याच्या बाजारातून आणली, घेतली तेव्हा गरम होती, आता माहीत नाही. आमची मनीषा म्हणे रिकाम्या हातानं नको जाऊ. अन् तुझ्या दारात आल्यावर मला आठवलं की तुझ्या घरी अजून वर्ष व्हायचं आहे, गोड चालते का नाही चालते— चालते ना? सण नाही करत आपण, पण जिलबी म्हणजे काही सण नाही. नसेल चालत तर समोरच्यांना देऊन दे. माझं हे असंच, बेल दाबल्यावर सगळं आठवते.

तर मी काय म्हणत होतो— फुटबॉलचा वर्ल्ड कप. जूनमध्ये सुरू होऊन राहिला, यावेळी अमेरिका-मेक्सिकोकडे आहे, म्हणजे आपल्याकडे मॅचेस अर्ध्या रात्री नाहीतर पहाटे. पण प्रेडिक्शनसाठी जागावं थोडीच लागते? संध्याकाळी स्कोअर टाकून द्यायचा अन् झोपून जायचं. नियम तेच आपले— स्कोअर बरोबर निघाला तर तीन पॉइंट, नुसता जिंकणारा बरोबर निघाला तर एक, अन् शेवटी जो सगळ्यात खाली राहील तो सगळ्यांना पोहे-जिलबी खिलवते. पैशाबिशाची भानगड नाही. फॅक्टरीतले जुने सगळे आहेत, बंटी आहे, बंटीच्या रिछाईच्या वर्कशॉपमधले दोघं-तिघं आहेत. फक्त तू नाही. म्हणून म्हटलं आपण स्वतः जाऊन सांगू. फोनवर नाही, घरी जाऊन. तू रिटायर झाला तेव्हापासून गेटवरही भेट नाही होत, अन् माझं तर तुला माहीत आहे, ड्यूटीतून सुटलो की सरळ घर.

गेल्या वर्षी? गेल्या वर्षी काही झालंच नाही रे. प्रतिमावहिनी गेल्या अन् मग कोणाचं मन होतं? कोणी आपल्या प्रेडिक्शन लीगचं नावच नाही काढलं. मीच सगळ्यांना म्हटलं, श्यामच्या घरी असं झालं अन् आपण इथं गोल मोजत बसायचं, शोभते का? सगळे म्हणे, बरोबर आहे बापू. बंद म्हणजे बंद. म्हणून तर यावेळी जोरात करायचं आहे. अन् त्या बंटीची जरा जिरवायची आहे, पहिला आला तेव्हापासून त्याचे पाय जमिनीवर नाहीत, गाडीच्या मागच्या काचेवर चॅम्पियन लिहून फिरून राहिला, सिग्नलला उभा राहिला तर लोक विचारतात, भैया, किस चीज़ के चॅम्पियन—

काय? असा काहून पाहून राहिला?

नाही, पहिला म्हणजे— तसा पहिला नाही. मतलब आधीच्या— अच्छा. हो. झाली. झाली लीग, श्याम. पूर्ण सीझन झाला. ऑगस्टपासून मेपर्यंत.

ऐकून तर घे. पाणी दे थोडं— नको, राहू दे, बस तू. ऐक. वहिनी गेल्या त्या दिवशी शनिवार होता. सीझन नुकताच सुरू झालेला. आम्ही सगळे इथंच होतो, तुझ्या या अंगणात, अन् प्रत्येकाच्या खिशात फोन थरथरून राहिला होता, कारण बाहेरगावच्या कोणाला माहीत नव्हतं अन् ते आपले ग्रुपवर स्कोअर टाकून राहिले होते, वर ते नाचणारे चेहरे, ट्रॉफ्या. मला असं झालं की आता याचा फोन वाजला अन् यानं पाहिलं तर? घरात सुतक, अन् ग्रुपवर गोल-गोल ओरडणं चालू. तर बंटी म्हणे, बापूभैया, तेरवीपर्यंत एक दुसरा ग्रुप बनवून घेऊ, तिथं बोलू, इथं शांत राहू. म्हणजे बंटीची आयडिया. म्हणजे— बंटी फक्त म्हणाला की काही तरी करा. ग्रुप मी बनवला. तुझ्या अंगणात उभं राहून बनवला, त्या पेरूच्या झाडाखाली. सगळ्यांना घेतलं, तुला सोडून. अन् वहिनींना सोडून, अर्थात. नावही काय सुचते त्या वेळी— ‘फुटबॉल मंडळ नवीन’. जुन्यापुढे नवीन लावलं, झालं. तेरा दिवसांसाठी होता रे. आदरापोटी होता. तुझ्या दुःखात आमचा गोंधळ नको, एवढंच होतं मनात, आईशपथ.

मग तेरवी झाली. तेव्हा परत यायला पाहिजे होतं ना जुन्यावर? पाहिजे होतं. पण त्या हप्त्याचे स्कोअर सगळ्यांनी नवीनवर टाकून झाले होते, तर म्हटलं पुढच्या हप्त्यात. पुढच्या हप्त्यात गणपती. मग म्हटलं, आता तुला काय सांगून परत जायचं? की आम्ही इतके दिवस दुसरीकडे खेळून राहिलो होतो, तू बस रडत, आम्ही आलो? जितके दिवस गेले तितकं ते सांगणं अवघड होत गेलं. अन् मला वाटलं, याला कुठं आता फुटबॉल सुचते. खरंच वाटलं. तू विसरून गेला असशील.

अन् मग तुझा मेसेज आला.

मी जेवत होतो. जुन्या ग्रुपवर, जिथं कोणीच काही लिहीत नव्हतं, तिथं तू शनिवारच्या मॅचेसचे स्कोअर टाकले. नुसते स्कोअर. ना नमस्कार, ना कसे आहात. माझा घास हातात राहिला, मनीषा म्हणे काय झालं, मी म्हटलं काही नाही, मिरची लागली. जेवण सोडून मी टाईप केलं, ‘वा श्याम’. अन् पुसून टाकलं. कारण मी वा म्हटलं की तू विचारशील, बाकीचे कुठं आहेत, तुझा स्कोअर कुठं आहे बापू. अन् पाच मिनिटांत बंटीचा फोन, भैया, श्यामभैयाचं पाहिलं का, काय करायचं? मी म्हटलं— हे सांगायचं नव्हतं मला, पण आता काय— मी म्हटलं, कोणी काही लिहू नका. मी त्याच्याशी बोलतो. म्हणून नाही लिहिलं कोणी, श्याम. त्या पोरांना दोष नको देऊ. ते वाट पाहून राहिले होते की बापू बोलणार आहे, बापू त्याचा शाळेपासूनचा दोस्त, बापू बरोबर बोलेल.

बापू नाही बोलला. बापू बडा फुहाऱ्याला तुला पाहून चपलांच्या दुकानात घुसला. दिवाळीच्या आधी, तू कापडवाल्याच्या समोर उभा होता, एकटाच, हातात पिशवी. मी आत घुसलो अन् बायकांच्या चपला पाहत राहिलो. दुकानदार विचारते, दीदी का नंबर क्या है? काय सांगू त्याला, मी एक जोड घेऊनच आलो, मनीषाला होतही नाही ती, अजून पडली आहे खोक्यात.

अन् तू दर हप्त्याला टाकत राहिला. दर हप्त्याला. उत्तर नाही, कोणाचा अंगठा नाही, तरी शनिवार आला की तुझे स्कोअर हजर. मी वाचायचो रे. सगळे वाचायचो. मनातल्या मनात तुझे पॉइंटही लावायचो— बंटीच्या खाली राहिला असता तू, पण माझ्या बराच वर. अन् एक गोष्ट मला समजत नव्हती. तू तर जन्माचा झिरो-झिरोवाला माणूस! फायनल असो का काही असो, श्यामचं उत्तर काय? झिरो-झिरो, पेनल्टीवर जाईल. आम्ही चिडवायचो तुला. झिरो न देणाऱ्या तर वहिनी होत्या. आठवते ना? कोणतीही टीम असो, कितीही फालतू असो, वहिनी झिरो देतच नव्हत्या. अहो, इतक्या दुरून आले बिचारे, एक गोल तर होऊ द्या त्यांचा. फुटबॉलमधलं काही समजत नाही म्हणायच्या अन् माझ्या वरचा नंबर घेऊन बसायच्या. आपण इथं मॅच पाहत बसलो राहायचो, आत त्यांचं सगळं चालू, कुकर, मिक्सर, अन् मधूनच तो त्यांचा फोन— सायकलची घंटी लावून ठेवली होती मेसेजला, ट्रिंग ट्रिंग, एवढी जोरात की आपला फॅक्टरीतला अनिमेष एकदा बाजूला सरकला होता सोफ्यावर, जसं काही कोणी खरंच सायकल घेऊन आलं. स्वयंपाकघरात ऐकू येत नाही म्हणून लावली म्हणायच्या.

तर तुझे स्कोअर पाहायचो तर सगळे दोन-एक, तीन-एक, एक-एक. वर्षभरात एक झिरो नाही. मी मनीषाला म्हटलं, श्यामचं लक्ष नाही राहिलं आता खेळात, काहीही टाकून राहिला बिचारा. आम्हाला हाका मारून राहिला, अन् आम्ही कान बंद करून बसलो. तिनं वाढून ठेवलं अन् उठून गेली.

लाज वाटते रे मला. खरं सांगतो. मी येताना रस्त्यात ठरवत होतो की हसत-खेळत बोलायचं, वर्ल्ड कपचं आमंत्रण द्यायचं, लिंक पाठवायची, संपलं. हे बाकीचं काहीच सांगायचं नव्हतं. तू नुसता असा पाहत बसते अन् माझ्या तोंडातून निघत जाते. शिवी दे एखादी. नाही देत? दिली असती तर बरं झालं असतं.

चलो. आता ऐक, आता मी सगळं नीट करून टाकतो. पोरगी तुझी, अवंती, पुण्याला, तू इथं एकटा, संध्याकाळ काढायला काही तरी पाहिजे ना माणसाला? ही पहा, लिंक पाठवली तुला. ती दाबली की तू नवीन ग्रुपमध्ये. सगळे वाट पाहून राहिले आहेत, बंटी तर म्हणे ढोल लावतो. अन् तो जुना ग्रुप मी आत्ताच्या आत्ता बंद करतो, तुझ्यासमोर. ॲडमिन मीच आहे. एकेकाला काढायचं, शेवटी स्वतः निघायचं, साफ. दोन-दोन ग्रुप काहून पाहिजेत? खरं सांगू? हे तुझ्यासाठी कमी अन् माझ्यासाठी जास्त आहे. फोनमध्ये तो ग्रुप वर आला की मी फोन उलटा करून ठेवतो. तो एकदाचा गेला की मला झोप लागेल.

घे, चष्मा घे. दिसली लिंक? निळ्या अक्षरात आहे. दाब. अन् पहिल्या मॅचचा स्कोअर टाकूनच दे, मुहूर्त करून टाक— मेक्सिको अन् साउथ आफ्रिका. हं, टाक, टाक. तुझं टाईप करणं अजून तसंच आहे, एका बोटानं. सावकाश. मी तोवर इकडून काढायला सुरुवात करतो, वरून घेतो, पहिलं नाव— 

आलं! आला तुझा मेसेज. मेक्सिको दोन, साउथ आफ्रिका एक. वा! अरे— पण हा जुन्यात टाकला तू, श्याम. लिंक नाही दाबली का? तू परत जुन्यातच—

थांब.

आत काही वाजलं. तू ऐकलं ना? ती— सायकलची घंटी वाजली आत. अवंती आली आहे का? तू तर म्हणाला एकटा आहे. मग आत कोण— 

अच्छा.

वहिनींचा फोन चार्जिंगला लावून ठेवते तू. रिचार्जही करते.

अन् मी वर्षभर समजून राहिलो होतो की तू आम्हाला हाका मारून राहिला.

नाही. नाही काढत मी. कोणालाच नाही काढत, हे पहा, ठेवला फोन खाली. राहू दे तो ग्रुप. लिंकही राहू दे, मन झालं तर दाब, नाही झालं तर नको. मी फक्त— मी एक टाकू का? जुन्यात. माझा स्कोअर. टाकू? मेक्सिको एक, साउथ आफ्रिका झि— नाही. झिरो नाही. इतक्या दुरून येऊन राहिले. एक. एक-एक.

टाकतो.

बोलू नको काही. वाजू दे.