हॉल उघडला की

(दोहा, १९८६. समुद्राकाठच्या बंद पडलेल्या हॉटेलातला मोठा हॉल. सुतार मच्छिंद्र टेबलांचे पाय सोडवतो आहे. इलेक्ट्रिशियन रंगनाथ कालच गावाहून सुट्टी संपवून आला आहे.)

रंगनाथ : ते हिरवं कापड फाडू नको, मच्छिंद्रभाऊ. लिलाववाला ओरडंल.

मच्छिंद्र : ओरडू दे. मीच ठोकलंय ते.

रंगनाथ : सत्त्याहत्तर साली. बारा टेबलं. मालक म्हणायचा, बैरूत लढाईत बुडालं, आता जुगार इथंच. रुलेटचं चक्र पण आणलं होतं बोटीनं.

मच्छिंद्र : त्यावर कधी एक गोळी फिरली नाही.

रंगनाथ : फिरली की. इकबालनं फिरवली होती, झाडू मारताना.

मच्छिंद्र : परवानगी पुढच्या महिन्यात येणार. नऊ वर्षं पुढचाच महिना.

रंगनाथ : पण पहिली दोन-तीन वर्षं कसली होती! शुक्रवारची सुट्टी, म्हणून गुरुवारी खोली मिळायची नाही. ते तेल कंपनीचे गोरे बाल्कनीत दाटीवाटीनं उभे असायचे. मग तिकडं कॉर्निशच्या किनारा-रस्त्यावर मोठी हॉटेलं झाली, तेलाचा भाव उतरला. शेवटी याच टेबलांवर लग्नाचा भात वाढला आपण. खलास.

मच्छिंद्र : आमच्या घरी गेला होतास?

रंगनाथ : गेलो होतो. तुझ्या भावजयीनं, शशिकलानं चहा दिला. अंजनावहिनीचा फोटो लावलाय. दोन महिने झाले, पण हार ताजा होता.

मच्छिंद्र : मला तार मिळाली तेव्हा तेरावा होऊन गेला होता. पासपोर्ट मालकाकडं, मालक लंडनला.

रंगनाथ : माहीत आहे रे.

मच्छिंद्र : कॅसेट आणलीस?

रंगनाथ : आणली. पण भाऊ…

मच्छिंद्र : तिचा आवाज आहे का तीवर?

रंगनाथ : शशिकला म्हणाली, तू धाडलेली तीच ही. वहिनीनं तीनदा ऐकली. उत्तर भरणार होती, त्याच आठवड्यात ताप आला.

मच्छिंद्र : म्हणजे माझाच आवाज.

रंगनाथ : आपण सगळे तेच करतो. बायकोनं भरून पाठवायची, आपण ऐकायची, तिच्यावरच आपलं भरून परत धाडायची. नवी कॅसेट कोण घेतो?

मच्छिंद्र : नऊ वर्षं मी तिच्या बोलण्यावर बोललो. एक शब्द ठेवला नाही मागं.

रंगनाथ : लावून तर बघू. टेप आणलाय मी. दुपारी लाइन कापणार आहेत.

कॅसेट (मच्छिंद्रचा आवाज) : अंजना, ऐक. यंदा नक्की. हॉल उघडला की मालक स्टाफला मागं खोल्या देणार, बायकोसकट. तुझा व्हिसा तोच करणार. खिडकीतनं समुद्र दिसंल. झुंबर आलंय, तीनशे दिव्यांचं…

मच्छिंद्र : बंद कर.

रंगनाथ : त्या झुंबराचं वायरिंग माझं. एकदाच लागलं.

मच्छिंद्र : याच कॅसेटवर ती म्हणाली होती, हॉटेल राहू द्या, तुम्ही या. त्याच्यावर मी हे भरलं.

रंगनाथ : किती वेळ बोललास?

मच्छिंद्र : काय माहीत. हॉलचं सगळं सांगितलं.

रंगनाथ : आणि ती?

मच्छिंद्र : ती कॅसेट संपेपर्यंत बोलायची.

रंगनाथ : मग चालू दे. हात लावू नको.

कॅसेट (मच्छिंद्रचा आवाज) : …संगमरवर इटलीचा आहे म्हणतात. बाकी ठीक. बंद करतो.

कॅसेट (अंजनाचा आवाज) : …शशिकलाला हात लावू देत नाही म्हैस, धार मीच काढते. आणि तुम्ही बोलायला लागलात की हॉटेलचंच. जेवता काय ते कितीदा विचारलं, तेवढं सांगत नाही. आता ही संपंल, म्हणून…

रंगनाथ : भाऊ. बस जरा. मागं घेऊन परत लावतो.

मच्छिंद्र : थांब. कडेची ती बारीक प्लॅस्टिकची पट्टी मोडली की कॅसेटवर परत काही भरता येत नाही म्हणतात.

रंगनाथ : नाही येत.

मच्छिंद्र : मोड मग. माझं बोलून झालं.