माझं घर कोणतं?

चौपन्न साली यावलला जळगावच्या गाडीसाठी रांगेत उभा होतो. पुढे एक केळीवाला शेतकरी थोरल्या बहिणीशी तावातावानं बोलत होता.

“जळगावले जाऊन त्या नव्या मास्तरीणबाईची तक्रारच करतो, अक्का! पोरींना सांगते, पटलं नाही तर विचारा!”

“मंग आपल्या कुंदानं काय विचारलं?”

“म्हणे, बाबा, हे घर माझं नाही, सासर नवऱ्याचं. मंग माझं घर कोणतं?”

“तू काय सांगितलं?”

“थोबाडीत दिली!”

“अरे कौतिक, माझा नवरा मेल्यावर सासरच्यांनी मले हाकललं. तुझ्या दारात मीही हेच विचारलं होतं.”

“तुले कधी जा म्हटलं का मी?”

“‘घर तुझं’ असं तरी कधी म्हटलं?”

“गाडी आली. चल.”

“तूच जा. मी कुंदाकडे चालले.”