कांदा घातलेली वरई

मंडळी, एक विचारतो, खरं उत्तर द्या हं. अन्नाला आपण देव म्हणतो. मग एका दाण्याला रोजच्या ताटात जागा आणि दुसऱ्याला फक्त उपासाच्या दिवशी – ही वाटणी केली कुणी? देवानं? का तुम्ही-आम्ही? मागून कुणीतरी म्हणतंय, ‘सासूबाईंनी.’ अहो, जपून बोला, त्या पुढच्याच रांगेत बसल्यात!

तर ऐका. डोंगरउतारावर उंबरझिरे नावाचं गाव. तिथं आली सुनेत्रा डहाळे. काम काय, तर लोकांनी बाजूला टाकलेली पिकं शोधायची आणि पेरून बघायची. पाऊस दगा देतो तेव्हा शेतात कोण उभं राहतं, हे तिला जाणून घ्यायचं होतं. तिच्या सांगण्यावरून गावातल्या ठमाबाईनं आपल्या अख्ख्या उतारावर वरई पेरली. त्या साली ऐन श्रावणात पावसानं पाठ फिरवली. खाचरातलं भात करपलं, आणि उतारावर वरई – डुलतेय!

सुनेत्राला कोडं पडलं. “ठमाबाई, एवढं तगणारं पीक, मग गाव चिमूटभरच का पेरतं?”

“अवो ताई, उपास असत्यात किती? तेवढ्यापुरतीच लागती की.”

बघा! पीक अडलं कुठं? जमिनीत? पावसात? छे – पंचांगात अडलं!

आता खरा पेच. माघात ठमाबाईच्या लेकीचं, चंद्रभागाचं लग्न. घरची रीत अशी, की लेकीच्या लग्नात पाहुण्यांना आपल्या शेतातलाच दाणा वाढायचा. भात तर गेलेलं. कणगीत नुसती वरई. ठमाबाई रडकुंडीला आली. “लग्नात उपासाचं ताट वाढू? व्याही पानावरून उठतील. पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागंल.”

सुनेत्रानं खरंच ठाऊक नव्हतं म्हणून विचारलं, “वरईत कांदा घातला तर उपास मोडतो?”

“मोडतो तर.”

“मग ती वरई उपासाची राहते का?”

ठमाबाई चुलीकडं वळली. मग “थांबा” म्हणाली आणि कांद्याची पाटी पुढं ओढली.

लग्न लागलं, पंगत बसली. कांदा-लसणाची फोडणी दिलेली, हळदीनं पिवळी झालेली वरई, वर खोबरं. नवरदेवाचे आजोबा, लहानूबाबा, यांनी पानाकडं पाहिलं आणि हात मागं घेतला. “वरई ना ही? आज कसला उपास?”

पंगत थांबली. नवरी बघतेय.

ठमाबाई म्हणाली, “उपास न्हाई, बाबा. कांदा हाय, लसूण हाय. भात करपलं, ही उभी राहिली. शेतानं दिलं तेच लेकीसाठी रांधलंय.”

म्हाताऱ्यानं घास घेतला. सावकाश चावला. आणखी एक घेतला.

“जन्मभर खातोय हिला, पण अशी कुणी वाढलीच न्हाई,” म्हणाला. “आमचंबी भात गेलं औंदा. विहीणबाई, सूनबाईच्या ओटीत तांदूळ नको. वरई घाला – बियाण्याची.”

ठमाबाईनं भरल्या डोळ्यांनी ओटी भरली. नवरी सासरी निघाली ती पुढच्या पेरणीचं बी पदरात घेऊन!

आता तुमच्याकडं येतो. सुटका नाही! तुमच्या घरी वरईचा डबा कुठं आहे हो? वरच्या फळीवर, एकादशीची वाट बघत. उद्या कुठला वार, ते न बघता तो खाली काढा. तुम्ही ताटात मागितली नाही, तर शेतकरी पेरील कशाला? आणि पाऊस फिरला त्या साली, मंडळी, पोरांना वाढाल काय?