आधी पेज, मग गोळी

एका पोराच्या अंगात एवढं वारं येतं कुठून? कुणीच मला सांगितलं नाही. धाकटा भाऊ बाबलो क्षणभर बसेना, म्हणून आईने देवाला गाऱ्हाणं घातलं. मुंबईच्या डॉक्टरने गोळी दिली. बाबलो शांत झाला, पण जेवण सुटलं; ताटातल्या तळलेल्या बांगड्याकडेही बघेना.

आई पुन्हा देवळात. “म्हाराजा, माजो वांड झील माका परत दी!”

मागून मी ओरडलो, “व्हय म्हाराजा!”

गुरव हसला. “वयनी, गोळी काय देवान दिल्यान? डॉक्टराक इचार!”

डॉक्टरने गोळी अर्धी केली, आणि गोळीआधी तांदळाची पेज भरवायला सांगितली. आई रोज भरवायची.

परवा आई गेली. तिरडी उचलायच्या वेळी मी म्हटलं, “थांबा रे, बाबलो उपाशी आसा.” शेजारून पेज आणून त्याला भरवली, अर्धी गोळी दिली, आणि मग आईला खांदा दिला.