खापरावरचा हात

माहं माहेर जानेफळ, सासर पिंपळगाव राजा, अन् दोन्हीकडे लगन असलं की म्हनत, सुमनले बोलावा, मांडे तिच्याच हातचे. काय सांगू तुमाले ताई, मांडा लाटत नाई, पुरन भरलेला उंडा या हातावरून त्या हातावर झुलवत कोपरापर्यंत न्याचा, मंग चुलीवरच्या उलट्या खापरावर टाकाचा. माहा कधी फाटलाच नाई. सासू मले कधी गोड बोलली नाई, पन पाव्हन्यांत म्हने, हात पाहा आमच्या सुनेचा.

मंग सोयाबीनच्या टायमाले थ्रेशरमधी काड लोटता लोटता बांगडी अडकली, अन् उजवा हातच आत गेला. आंगठा अन् त्याच्या बाजूचं बोट राह्यलं, बाकीची गेली. दवाखान्यात मालक रडून राह्यले, म्या म्हंतलं रडता काऊन, जीव त वाचला ना. तवा मले वाटलं, बोटंच गेली.

ननंदेच्या पोरीचं लगन निंघालं. मी आदल्या दिवशीच गेली, पदर खोचून खापराजवय बसली. ननंद धावत आली, वहिनी तुमी उठा, तुमी मानाच्या, अन् मले मांडवात पंख्यासमोर खुर्ची देली. जो येये तो हात पाहे, चहा देये. मागून बायांचं हसनं आयकू येये, माहा सगया जीव तठी. कोनी वाईट वागवलं नाई हो, लई मान देला, त्याचंच रडू आलं. पंगतीत पयला मांडा मलेच वाढला. चांगला झाला होता.

अजून कधी गेलेल्या बोटांत कनिक चिकटल्यावानी वाटते, झटकाले गेलं त तठी काहीच नाई. हे कोनाले सांगावं? मालक वारले, लेक सासरी.

यंदा आखाजीच्या सनाले म्याच चूल पेटवली. पाहाले कोन होतं? डाव्या हातानं उंडा सोडला, उजव्या मनगटावर झेलला. फाटला. दुसराही फाटला. मंग उंडाच लहान घेतला, त झाला बरोबर. मोठा नाई होत आता, एका मानसापुरता होते, अन् घरात मानूसही एकच हाये.

तुमी येनार म्हून आज दोन केले. उठू नका, बसा. काठाले जरासा फाटला, पन खा. सुखी राहा, बाई.